आडव्या सायकलीवरून

मराठी भाषेने आडवेपणाला फारसा मान दिलेला नाही. माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहतो, संसार उभा करतो, अडचणीत सापडलेल्याच्या पाठीशी उभा राहतो. जो आडवा होतो तो मात्र आळशी असतो, आजारी असतो किंवा कुस्तीत हरलेला असतो. चांगल्या कामाच्या वाटेत जो येतो, तोही 'आडवा'च येतो. देवादिकांची गोष्ट निराळी नाही. पंढरीचा विठोबा विटेवर उभा आहे. आमच्या सदलग्याच्या जिनमंदिरांत दर्शनाला जावे, तर मूर्ती पद्मासनात बसलेल्या किंवा कायोत्सर्गात उभ्या. निवांत पहुडण्याची सवलत काय ती एकट्या शेषशायी विष्णूला, आणि त्यालाही आषाढी एकादशीला झोपवून कार्तिकीला उठवण्याची व्यवस्था आपण करून ठेवली आहे.

अशा भाषेत आणि अशा गावात राहून आम्ही गेली काही वर्षे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल वापरत आहोत. इंग्रजीत तिला 'रिकंबंट' म्हणतात. नेहमीच्या सायकलीवर स्वाराचे सारे ओझे लहानशा सीटवर आणि तळहातांवर येते, पायडल त्याच्या खाली फिरतात आणि पाठीला कुठलाच आधार नसतो. या सायकलीला आरामखुर्चीसारखी बैठक असते, पायडल समोर असतात, आणि पाय खाली दाबण्याऐवजी पुढे ढकलायचे असतात. मराठीत तिला रूढ नाव नाही. आम्ही 'आडवी सायकल' असे साधे नाव घेतले. गावाने आपापली नावे ठेवली. मराठी शाळेतील मुले तिला 'झोपाळू सायकल' म्हणतात, कन्नड शाळेतील मुले 'मलगो सैकल' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच. सीमाभागातील दोन भाषांचे इतके चटकन एकमत झालेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

हा छंद हौसेतून आलेला नाही. तीस वर्षे शिक्षकी करताना आसपासच्या गावांतून आम्ही काळ्या, उंच, डबल बारच्या सायकलीवर हिंडलो. मग कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती सरकली. डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. चालणे अर्ध्या तासापुरते उरले. मोटरसायकल आम्हाला येत नाही आणि आवडतही नाही. दूधगंगेचा काठ, पलीकडचे बोरगाव, त्याही पलीकडे इचलकरंजीकडे जाणारा रस्ता, हे सारे एकाएकी दुसऱ्याच्या वाहनातून पाहायचे झाले. ज्याला सायकलीची सवय असते, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. सायकलवरून माणूस हव्या त्या बांधाशी थांबतो, एक पाय टेकून बोलतो आणि पुढे जातो. एस. टी.च्या खिडकीतून कुणाशी बोलता येत नाही.

पुढे अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हाला 'बायसिकलिंग सायन्स' हा ग्रंथ वाचायला आणून दिला. व्हिट आणि विल्सन या दोघांचा हा ग्रंथ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यातील डेव्हिड गॉर्डन विल्सन हे अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेत प्राध्यापक होते आणि आडव्या सायकलीचे मोठे पुरस्कर्ते होते. त्या ग्रंथामुळे आम्हाला या सायकलीचा इतिहास शोधण्याची ओढ लागली, आणि तो इतिहास आमच्या कल्पनेपेक्षा फार वेगळा निघाला.

पहिल्या महायुद्धानंतरची गोष्ट. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ लहान गाड्या बनवीत असत. त्यांचा मुलगा जॉर्ज सायकलसाठी हट्ट धरून बसला. सायकल धोक्याची म्हणून आईचा विरोध. तेव्हा बापाने तोडगा म्हणून मुलाला चार चाकांची, बसून पायडल मारायची गाडी करून दिली. ती इतकी वेगात पळाली की मोठ्यांसाठी दोन माणसांची गाडी करण्याची कल्पना मोशे यांना सुचली. 'व्हेलोकार' या नावाने ती विकली जाऊ लागली. मोटार परवडत नाही अशा कुटुंबांनी ती आनंदाने घेतली. पुढे मोशे यांनी जणू तिचे दोन उभे भाग केले आणि दोन चाकांची आडवी सायकल तयार झाली. एका आईच्या काळजीतून आणि बापाच्या कसबातून जन्मलेली ही वस्तू आहे, हे आम्हाला विशेष वाटते.

मोशे यांनी आपली सायकल फ्रान्सिस फोर या स्पर्धकाच्या हाती दिली. फोर काही पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. त्या काळी सायकलशर्यतीत तासाभरात जास्तीत जास्त अंतर तोडण्याचा विक्रम सर्वांत मानाचा समजला जाई. ऑस्कर एगने १९१४ साली ४४.२४७ किलोमीटर अंतर तोडून केलेला विक्रम एकोणीस वर्षे अबाधित होता. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर फोरने आडव्या सायकलीवरून ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. दुसऱ्या फळीतला माणूस पहिल्या फळीच्या पुढे गेला, कारण तो वाऱ्याला कमी आडवा येत होता.

यामागचे शास्त्र सोपे आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढत गेला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती हवी. उभ्या सायकलीवरचा माणूस वाऱ्यापुढे दारासारखा असतो, आडवीवरचा खिडकीसारखा. कॅनडाच्या टॉड रायकर्ट यांनी २०१६ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात, वरून संपूर्ण आच्छादन असलेल्या अशाच सायकलीवर, केवळ पायांच्या बळावर, ताशी १४४.१७ किलोमीटर इतका वेग गाठला.

फोरच्या विक्रमानंतर मात्र प्रश्न उभा राहिला की, ही सायकल आहे तरी का? आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेत वाद झाला आणि १९३४ साली सायकलची व्याख्याच नव्याने करण्यात आली. सीट कुठे असावी, पायडलचा आस जमिनीपासून किती उंचीवर असावा, याची मापे ठरली. त्या मापांत मोशे यांची सायकल बसत नव्हती. ती शर्यतींतून बाद झाली आणि तिचा विक्रम निराळ्या रकान्यात गेला. त्याच वर्षी मोशे वारले.

ही बंदी शर्यतीपुरती होती. रस्त्यावर आडवी सायकल चालवू नये असे कुणीच म्हटले नव्हते. पण शर्यतीत जे दिसत नाही ते दुकानात येत नाही, दुकानात जे येत नाही ते कारखान्यात बनत नाही, आणि कारखान्यात जे बनत नाही ते लोकांना विचित्र वाटते. पुढची चाळीस वर्षे ही सायकल बहुतांशी घरोघरच्या परसातच राहिली. ज्याला हवी त्याने ती जुन्या सायकली कापून, सांधून, स्वतः करायची. आज परदेशांत तिचे कारखाने आहेत, तरी ती घरी बांधण्याची परंपरा टिकून आहे. आम्हीही त्याच परंपरेतले.

सायकलीतून कारागीर घडण्याची परंपरा आमच्या बेळगाव जिल्ह्याला परकी नाही. १८८८ साली तिकडे डनलॉपने हवेचा टायर काढला, आणि त्याच वर्षी इकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. दुकानात सायकली विकता विकता, दुरुस्त करता करता, त्यांचा हात यंत्रावर बसला. मग चारा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. एका उद्योगसमूहाची मुळे एका सायकल दुकानात आहेत, हे आपण अनेकदा ऐकतो. आम्हाला त्यातला वेगळा धागा महत्त्वाचा वाटतो. सायकल ही सामान्य माणसाला उघडून पाहता येणारी बहुधा पहिली यंत्रवस्तू. तिचे सगळे अवयव बाहेर दिसतात. तिच्यात काही झाकलेले नाही, आणि म्हणूनच ती माणसाला कारागीर बनवते.

आमच्या गावातील अण्णा याच जातकुळीचे. उसाच्या ट्रॉल्या, नांगराचे फाळ, गोठ्याची दारे, सगळे त्यांच्या शेडमध्ये होते. आम्ही ग्रंथातले चित्र त्यांच्यापुढे धरले तेव्हा त्यांनी ते आधी उलटे करून पाहिले.

"गुरुजी, हे कसलं म्हणायचं? माणूस झोपून कुठं जातोय?"

"अण्णा, बसून जाता येत नाही म्हणून झोपून जायचं."

त्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती झोपणार, ते आधी ठरवा."

सारा प्रश्न खरोखरच तेवढा होता. त्यांनी शेडच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची सायकल काढली. आम्हाला भिंतीशी फळी लावून टेकून बसवले, पाय पुढे करायला सांगितले आणि टाचेशी रेघ मारली. नेहमीच्या सायकलीची सीट बोल्ट सैल करून वरखाली करता येते, इथे माणसाच्या पायाचे माप चौकटीतच बसवावे लागते. ग्रंथातली मापे मिलिमीटरमध्ये होती, अण्णांची सूत आणि इंचात. दोघांचे जमले.

सामान भंगारातून तोलून आणले. दोन काळ्या सायकलींच्या चौकटी, मुलांच्या सायकलीचे वीस इंची चाक चिमट्यासकट, आणि चढावर कामी यावे म्हणून एका मोडक्या गियरच्या सायकलीचे मागचे चाक. चौकटी कापल्या, लांब केल्या, पायडलचा आस पुढच्या चाकाच्या मागे घेतला. अण्णा ट्रॉलीला विजेचे वेल्डिंग करतात, पण सायकलची नळी एक-दीड मिलिमीटर जाडीची. विजेच्या ठिणगीने तिला भोक पडते. म्हणून त्यांनी गॅसवर पितळ वितळवून सांधे भरले. जुन्या चांगल्या सायकलींच्या चौकटीही मुळात पितळानेच सांधलेल्या असतात. दोन साखळ्या जोडून एक लांब साखळी झाली. ती बैठकीखाली लोंबू नये म्हणून मागाच्या सुट्या भागांतली एक नायलॉनची कप्पी इचलकरंजीहून आणली. हँडलची मान मागे वाढवून हातांपर्यंत आणली. बैठकीवर बाजेची नवार विणली. ब्रेकची तार मोपेडची निघाली. सारे मिळून वजन बावीस किलो भरले.

ती चालवणे हे नवे शिक्षण होते. उभ्या सायकलीवर तोल जातो तसा आपण कमरेतून सावरतो. इथे कंबर खुर्चीला टेकलेली, तोल केवळ हँडलने आणि पुढे पाहण्याने सांभाळायचा. थांबून निघताना पहिली दोन पायडल जोरात मारावी लागतात, मग ती स्थिर होते. तिचे दोषही सांगितले पाहिजेत. चढावर सीटवरून उठून अंगाचा भार पायडलवर टाकता येत नाही, म्हणून चिकोडीच्या बाजूचा चढ ती रडतखडत चढते. खड्डा आला तर उचलून घेता येत नाही, तो सरळ पाठीत येतो. आमच्या बेताच्या वेगाला वाऱ्याचा फायदा थोडाच. पण नदीकाठच्या सपाटीवर समोरून वारा आला की इतर सायकलस्वार मान खाली घालून झगडतात आणि आम्ही आकाश पाहत जातो. मुख्य म्हणजे पाठ दुखत नाही. तासभर गेलो तरी दुखत नाही. या एका वाक्यासाठी सारा खटाटोप होता.

गळीत हंगामात दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस आणि रस्त्यावर ट्रॉल्या. इतक्या खाली बसलेला माणूस ट्रॅक्टरवाल्याला दिसायचा कसा? अण्णांनी बैठकीमागे कळकाची काठी लावली आणि तीवर निशाण लावावे असे ठरले. मग रंगाचा प्रश्न आला. वाचकांपैकी जे सीमाभागातले आहेत त्यांना तो सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथे भगवा लावला तर एक अर्थ होतो, पिवळा-लाल लावला तर दुसरा. हिरवा उसात दिसत नाही. पांढरा लावला तर शरणागती. शेवटी सौ.ने आपल्या जुन्या लुगड्याचा राणी रंगाचा तुकडा काढून दिला. त्या रंगावर अद्याप कोणत्याही पक्षाने हक्क सांगितलेला नाही.

पहिल्या दिवसांत लोक थांबून पाहत. एका आजींनी दारातून हाक मारली, "काय झालंय ओ गुरुजी? दवाखान्याला निघालाय का?" त्यांच्या प्रश्नात थट्टा नव्हती, काळजी होती. आडवा माणूस दवाखान्यालाच जातो, हा त्यांचा अनुभव. काही परिचित मात्र थोडे संकोचत. शिक्षकाने रस्त्यात असे पसरून जावे, हे त्यांना पदाला शोभणारे वाटत नसावे.

त्या संकोचाने आम्हाला विचारात पाडले. बसण्याची उंची ही आपल्याकडे कधीच केवळ सोयीची बाब नव्हती. गावात वडीलधारे समोर आले की सायकलवरून उतरायचे, हा शिष्टाचार आम्ही लहानपणी पाळला. त्याची दुसरी बाजू फार कडवट आहे. देशातील कित्येक गावांत ठरावीक गल्ल्यांतून दलितांनी सायकलवर बसून जाऊ नये, उतरून ती हाताने ढकलत न्यावी, असा दंडक होता. तो मोडला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या अजूनही अधूनमधून वाचनात येतात. कुणी किती उंच बसावे हे तिथे शरीर ठरवत नव्हते, पाहणाऱ्यांची नजर ठरवत होती. युरोपातल्या संघटनेने जे मतदानाने, मापे लिहून केले, ते आपल्या गावांनी न लिहिता केले. दोन्ही गोष्टींची तीव्रता एक नाही, याची आम्हाला जाणीव आहे. शर्यतीतून बाद होणे आणि माणुसकीतून बाद होणे यांची तुलना होत नाही. पण माणसाने कसे बसावे हे दुसऱ्यांनी ठरवण्याची खोड दोहोंत दिसते.

बाजारपेठेत एक शिंपी आहेत. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. हाताने फिरवायच्या तीन चाकी गाडीवरून ते दुकानाला येतात. आमची त्यांची ओळख जुनी, बोलणेही रोजचे. आडवी सायकल घेऊन आम्ही पहिल्यांदा त्यांच्याशेजारी थांबलो तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "गुरुजी, आता आमच्या उंचीला आलासा." तेव्हा ध्यानात आले की एवढ्या वर्षांत त्यांना आमच्याशी बोलताना नेहमी मान वर करावी लागली होती. त्या दिवशी आमचे डोळे एका पातळीवर होते. बोलणे नेहमीपेक्षा लांबले.

बोलता बोलता त्यांनी आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवले. "त्या पाच चकत्या कशाला?" आम्ही गियरचे काम सांगितले. लहान चकतीवर साखळी आली की वेग मिळतो पण जोर लागतो, मोठीवर आली की वेग कमी होतो पण हात-पाय हलके फिरतात. त्यांच्या गाडीला एकच चकती होती. सपाटीला ती ठीक, पण नदीकडून पेठेकडे येणाऱ्या चढावर त्यांना रोज कुणाला तरी हाक मारून मागून ढकलायला सांगावे लागे. चाळीस वर्षे ते हाक मारत होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा हलकी करून तिला गियर बसवण्याचे काम केले, हे आम्ही वाचले होते. रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीवरचा भार ज्या युक्तीने हलका होतो, तिनेच शिंप्यांच्या खांद्यांवरचाही व्हायला हवा होता.

आम्ही दोघे अण्णांच्या शेडवर गेलो. अण्णांनी या वेळी चित्र मागितले नाही. त्यांनी शिंप्यांना फरशीवर बसवले, हात पुढे करायला सांगितले आणि खडूने रेघ मारली. पंधरा दिवसांत जुन्या गाडीची साखळी बदलली, गियरच्या चकत्या बसल्या, हाताच्या दांड्याची लांबी वाढली आणि बैठकीला पाठ आली. भंगाराचे पैसे शिंप्यांनी दिले, मजुरी अण्णांनी घेतली नाही. त्यांचे दोन सदरे मात्र शिवून झाले.

नदीकडचा चढ शिंपी आता कुणाला हाक न मारता चढतात. आम्ही मागे पडलो असलो, तर वर पोचून आमची वाट पाहतात.